आबेदा दाईची पुसलेली ओवी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, थोडं रडावं आणि शेवटी शहाणपणाचे दोन शब्द सांगावेत, अशी तुमची अपेक्षा असेल. रडून रडून माझे सेल पाझरले. आता फक्त राग उरला आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण कोणी काही बोललंच नव्हतं, आणि न ऐकलेलं मला आठवत नाही. मला आठवतं ते धुळ्याच्या बाजारातलं दुकान आणि तिथून शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी एस.टी.च्या टपावरून केलेला प्रवास. पांझरेच्या काठी, आठवड्याला बाजार भरतो असं ते गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने मला विकत घेतलं. साल चौऱ्याऐंशी.

काय कौतुक होतं माझं तेव्हा! ग्रंथपाल लीलाधरभाऊ रोज फडक्याने माझी काच पुसत. दर रविवारी मुलं माझ्याभोवती गोल करून बसत आणि मी त्यांना गाणी ऐकवी. दसऱ्याला सरस्वतीच्या पाटीशेजारी मलाही हळदकुंकू लागे, झेंडूचं फूल मिळे. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात वाचनालयाचं नाव घातलं होतं. मला वाटे, मी आता या गावचा झालो. गावाने बोलावं आणि मी जपावं, एवढंच माझं काम. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं, की मी कान उघडतो. त्या वेळी जे कानावर पडेल ते कॅसेटवर उमटतं. फक्त एक अट असते. नवं उमटवण्याआधी मला जुनं पुसावं लागतं. माझी घडणच तशी आहे.

वाचनालयात रईसा नावाची बाई यायची. बायकांना शिवण शिकवणारी, गळ्यात सदा टेप लटकवलेली. तिचे वडील हाशमभाई पिंजारी. थंडीच्या आधी खांद्यावर पिंजण टाकून ते गावोगाव फिरत आणि लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देत. साऱ्या गावाने त्यांच्या हातच्या उबेत झोप काढली होती. हाशमभाईंना मात्र एका गोष्टीची ऊब कधी मिळाली नव्हती. त्यांना आई आठवत नव्हती. ती गेली तेव्हा ते झोळीत होते. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तापाची मोठी साथ आली होती, लोक तिला मानमोडी म्हणत. त्या साथीत ती गेली. तिचं नाव आबेदा होतं आणि ती गावची दाई होती, इतकंच त्यांना ठाऊक. ती कशी होती, कशी गेली, हे सांगणारं घरात कोणी राहिलं नव्हतं.

सत्तरी ओलांडल्यावर हाशमभाई लेकीला म्हणाले होते, "बेटा, तू त्या पुस्तकासना घरम्हा जास. तठे मनी मायनं काही सापडी का, देख ना."

म्हणून रईसा शोधायला लागली. लीलाधरभाऊंनी जिल्ह्याचं गॅझेटियर काढून दिलं, जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली धूळ झटकून पुढे ठेवल्या. रईसा पानं उलटत होती आणि मी कोपऱ्यातून बघत होतो. साथ सापडली. तालुक्यात किती माणसं गेली, तो आकडा सापडला. तेव्हाचा गोरा साहेब कोण होता, त्याने कोणत्या गावी तंबू ठोकला, तेही सापडलं. साहेबाच्या घोड्याचं नावसुद्धा एका फायलीत होतं. आबेदाचं नव्हतं.

"भाऊ, घोडानं नाव शे आठे," रईसा म्हणाली. "अन् बठ्ठा गावनी दाईनं नही."

लीलाधरभाऊ खजील झाले, जणू ती पुस्तकं त्यांनीच लिहिली होती. मग म्हणाले, "रईसाताई, कागदम्हा नही ते मानूसम्हा राही. सुंदरबाईले इचारी पाहू. मानमोडी तिनी सोताना डोयाघाई देखेल शे."

त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं, बाजारातून कोरी कॅसेट आणली आणि आम्ही तिघं सुंदरबाईंच्या ओसरीवर गेलो. सुंदरबाई म्हणजे शेतकरी घरातली थोराड म्हातारी. दात नव्हते, पण जीभ धारेची. मला बघताच तिने डोळे बारीक केले.

"मनी सासू सांगे, हिना आवाज बठ्ठी गल्लीम्हा मावत नही. अन् या डबाम्हा मावई?"

रईसा हसली. "मावई, अक्का. आबेदा दाईनं काही याद शे का तुम्हले?"

म्हातारी माझ्याकडे बघायची सोडून रईसाकडे वळली. मग म्हणाली, "तिनी ओवी शे ना. आम्ही बठ्ठ्या पोरी दयताना म्हनूत."

"मंग म्हना ना, अक्का."

"अशी कशी म्हनू? जातं फिरनं नही तं ओवी येत नही, बेटा. ती हातम्हा ऱ्हास, तोंडम्हा नही."

हे मला तेव्हा कळलं, मित्रांनो. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा हात थांबले, आणि हात थांबले तशा ओव्या थांबल्या. कोणी त्या विसरलं नव्हतं. कोणी त्यांना फिरवत नव्हतं, इतकंच. सुनेने माळ्याखालचं जातं ओढून काढलं, पुसलं, खुंटा ठोकला. सुंदरबाईंनी पसाभर बाजरी घेतली. लीलाधरभाऊंनी माझी दोन बटणं दाबली. म्हातारीने एक वेढा दिला. घर्र झालं. लीलाधरभाऊंनी माझी दोन बटणं दाबली.

"हाई चालू शे का?" म्हातारीने माझ्याकडे वाकून विचारलं. "बोलू का?"

आणि ती गायली. मित्रांनो, मी पुष्कळ गाणी वाजवली आहेत, मोठ्या पेट्यांची, तबल्यांची. पण दगडावर दगड फिरत होता आणि त्यातून पिठासारखा आवाज झरत होता, तसं काही माझ्या कानात कधी पडलं नव्हतं. तिच्या कितीतरी ओव्या होत्या. त्यातल्या तीन इथे लिहितो. का लिहितो, ते शेवटी सांगेन.

आबेदा मनी माय, तिना हातले कसानी जात,
बठ्ठा गावनी कापी नाळ, बठ्ठासना मुखे दूध-भात.

मानमोडीना साले दारे-दारे कड्या लागन्यात,
एक आबेदाना हात पानी लई दारे वनात.

झोयीम्हा हाशम रडे, माय गयी कोना दारी?
बठ्ठा गावले पानी पाजी गयी तहानी बिचारी.

बठ्ठा म्हणजे सगळा, वनात म्हणजे आले आणि झोयी म्हणजे झोळी, बरं का. त्या झोळीतला हाशम म्हणजेच आपले हाशमभाई. ज्यांनी साऱ्या गावाच्या रजया भरल्या, त्यांचं नाव या बायका जात्यावर म्हणत होत्या आणि त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पुरुषमाणसाने जात्याजवळ कशाला बसावं? आणि बायकांचं गाणं पुरुषमाणसाला कोण सांगत बसणार?

रईसा तोंडावर पदर धरून रडली. मग तिने एक शहाणं काम केलं. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक दात असतात. ते मोडले, की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, माझं लाल बटण दाबलंच जात नाही. रईसाने शिवणाच्या कातरीच्या टोकाने ते दोन्ही दात मोडले. "आते हाई कोनी पुसाव नही," ती म्हणाली.

हाशमभाई तेव्हा पिंजण घेऊन साक्रीकडच्या गावांना गेले होते. रईसाच्या घरी वाजवायला यंत्र नव्हतं. शिवाय वाचनालय त्या वर्षी आपला अमृतमहोत्सव करणार होतं, त्यात गावाचा इतिहास छापणार होतं, आणि लीलाधरभाऊंनी आबेदाची ओवी त्यात घालायचं कबूल केलं होतं. म्हणून कॅसेट माझ्याजवळ, वाचनालयाच्या कपाटात राहिली. अब्बा आले की ऐकवू, असं ठरलं.

थंडी पडली आणि सुंदरबाई गेल्या.

आता ऐका. इथून पुढे माझा आवाज चिरकेल, पण ऐका.

अमृतमहोत्सवाचा दिवस आला. मांडव पडला, पताका लागल्या, धुळ्याहून पाहुणे आले. वाचनालयाचे अध्यक्ष पितांबरनाना, निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचं धोतर नेसून हजर झाले. त्यांचं मुख्य भाषण होतं. विषय होता, "आपला इतिहास आपणच जपला पाहिजे." मला व्यासपीठावर ठेवलं, माझ्यापुढे माइक आला. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की कोरी कॅसेट आणायची राहून गेली आहे.

"कपाटात एक आहे ना?" नाना म्हणाले.

"नाना, ती रईसाताईनी शे," लीलाधरभाऊ म्हणाले. "तिना दात मोडेल शेतस. तिच्यावर भरता येत नाही."

"मग कागदाची घडी कोंबा त्या भोकात. एवढंही कळत नाही?"

"पण नाना, त्यात सुंदरबाईचं..."

"म्हातारीचं गाणंच आहे ना? तिच्या सुना नाहीत का? त्या म्हणतील. पाहुणे खोळंबलेत, लीलाधर."

लीलाधरभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी निमंत्रणपत्रिकेचा कोपरा फाडला, त्याची घडी केली आणि दात मोडलेल्या जागी बसवली. घाईत कॅसेट मागे फिरवली. लाल बटण दाबलं.

मी अडलो नाही का? अडायला मला हात नाहीत. भोकात कागद असला की मला तो दातच वाटतो. नाना म्हणाले, "आज या मंगल प्रसंगी," आणि माझ्या पोटात आबेदा पुसायला सुरुवात झाली. नाना म्हणाले, "आपल्या पूर्वजांच्या स्मृती," आणि मानमोडीच्या साली उघडलेलं एकुलतं एक दार बंद झालं. नाना म्हणाले, "समाजाने कृतज्ञ असावं," आणि झोळीतला हाशम रडायचा थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याही मलाच जपाव्या लागल्या. भाषण इतकं लांबलं की कॅसेटची बाजू संपली, माझं बटण खटकन वर आलं, तरी नाना बोलतच होते.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी रईसा हाशमभाईंना घेऊन आली. म्हातारबुवांनी धुतलेला पायजमा घातला होता, डोळ्यांत सुरमा होता. कपड्यांवरचा कापूस त्यांनी दाराबाहेरच झटकला. जणू आई भेटायची होती, मित्रांनो. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. लीलाधरभाऊंनी मान खाली घातली होती, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी बटण दाबलं.

घर्र झालं. जात्याचा एक वेढा. आणि सुंदरबाईंचा आवाज, "हाई चालू शे का? बोलू का?"

हाशमभाई पुढे झुकले.

"आज या मंगल प्रसंगी, व्यासपीठावर उपस्थित मान्यवर..."

घाईत कॅसेट अगदी टोकापर्यंत मागे फिरली नव्हती. तेवढं राहिलं होतं. एक वेढा आणि दोन प्रश्न.

रईसाने कॅसेट काढली. पाठीवरची घडी तिने नखाने उचकटली, उलगडली. निमंत्रणपत्रिकेचा तुकडा. त्यावर "सस्नेह" एवढाच शब्द आला होता. पितांबरनाना तिथेच खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते.

"नाना, हाई कोनी करं?"

"अगं, चुकून झालं असेल. एवढं काय त्यात? नवी कॅसेट आणून देतो तुला."

"कोरी कॅसेट देशात. मंग तिनाम्हा काय भरू, नाना? तुमनं भाषन?"

"आवाज खाली. हे वाचनालय आहे."

"हां. आठे बठ्ठा चूपच ऱ्हातंस," रईसा म्हणाली. "जेसले बोलता येस त्याबी." आणि ती लीलाधरभाऊंकडे बघत राहिली, त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवेपर्यंत.

हाशमभाई भांडले नाहीत. मला ते सगळ्यांत जास्त लागलं. ते म्हणाले, "नाना, तुमनं भाषन चांगलं शे. पन मी मनी मायनं नाव ऐकाले वनथू." मग लेकीला म्हणाले, "बेटा, तेवढं परत लाव." रईसाने परत लावलं. घर्र. बोलू का? परत. घर्र. बोलू का? ते दर वेळी मान हलवून हलकेच म्हणत, "बोल ना, अक्का. बोल."

रईसाने आणि लीलाधरभाऊंनी ओव्या एकदाच ऐकल्या होत्या, आणि कॅसेट आहे म्हणून पाठ केल्या नव्हत्या. सुंदरबाईंच्या सुनांना विचारलं. त्यांनी जातं कधी ओढलंच नव्हतं. त्या गिरणीवर दळण टाकत होत्या. गावाचा इतिहास छापून आला, गुळगुळीत कागदावर. त्यात नानांचं भाषण पुरतं होतं, फोटोसकट. मानमोडीवर एक ओळ होती: "या साथीत गावातील अनेकजण दगावले." अनेकजण! आकडा तरी बरा होता.

हाशमभाई पुढच्या थंडीत पिंजण घेऊन निघाले ते परत आले नाहीत. नरडाण्याच्या बाजूला कुणाच्या तरी ओट्यावर, अर्ध्या भरलेल्या रजईशेजारी गेले. रईसा वाचनालयाची पायरी पुन्हा चढली नाही. मी कपाटात गेलो, फिनेलच्या बाटलीशेजारी. माझे सेल कोणी काढले नाहीत, ते पाझरले, माझ्या तारा गंजल्या. दसऱ्याला आता संगणकाला हळदकुंकू लागतं. लागू दे. मला त्याचा हेवा नाही. त्याच्यातसुद्धा पुसायचं बटण असेलच.

तुम्ही म्हणाल, आम्हाला उपदेश काय? वस्तू जपा, असं मी म्हणणार नाही. मला पुसून, तेल घालून, काचेत ठेवून काय होणार? लीलाधरभाऊ माझी काच रोज पुसत होते. चांगलेच होते ते. तुमच्या गावातलं ज्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, त्याच्याबद्दल कोणी बोलणार असेल, तर तिथे जाऊन बसा. आणि कोणी त्या भोकात कागद कोंबायला आला तर त्याचा हात धरा. मग तो मुख्याध्यापक असो की तुमचा काका. मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.

तीन ओव्या मी वर लिहिल्या आहेत. माझ्याजवळ आवाज होता तो दुसऱ्याचा. हाशमभाई समोर बसले होते तेव्हा मला त्यातली एक ओळही म्हणता आली नाही. तुम्ही त्या पाठ करा. त्या गावी पिंजारगल्लीत रईसा अजून शिवण शिकवते. मशीनचा आवाज येतो तेच घर. कधी तिकडे गेलात तर तिच्या दारात उभं राहून त्या म्हणा, मोठ्याने, साऱ्या गल्लीत मावणार नाहीत अशा.

आणि म्हणण्याआधी "बोलू का?" असं कोणाला विचारत बसू नका.