तिवरांच्या जंगलातली ओहोटी

गीतांजली साताऱ्याकडची. लग्न होऊन सानपाड्याच्या नव्या सोसायटीत आली तेव्हा ब्याण्णव साल सरत आलं होतं. वाशीच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसणारी प्रेमला खाडीकाठच्या तळवली गावची.

‘‘तिवराचं रान लांबून नुसतं हिरवं दिसतं गं. आत ये एकदा, जंगल हाय पान्यातलं,’’ ती सारखी म्हणायची. शेवटी एका रविवारी गीतांजली प्रेमलाच्या वडिलांच्या, पंढरीकाकांच्या होडीत बसली. पोहता येत नव्हतं, त्यामुळे होडीची कड दोन्ही हातांनी धरून.

खाडी सोडून होडी तिवरांमधल्या चिंचोळ्या फाट्यात शिरली. दोन्ही बाजूंची झाडं डोक्यावर मिटली. चिखलातून मुळं सुळ्यांसारखी वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या, चिखलातल्या त्या इवल्या मासोळ्या, टुणकन उड्या मारत होत्या. उकाडा, कुजकट वास, कुठे माणसाचा आवाज नाही. गीतांजलीने होडीची कड सोडली नव्हती, तरी तिला परत फिरावंसं वाटत नव्हतं.

‘‘पानी उतराया लागलं. निगाया पायजे,’’ म्हणत काकांनी होडी वळवली. एवढ्यात वल्हं त्यांच्या हातून होडीतच गळून पडलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते आडवे झाले.

‘‘आबा! आबा, काय होतंय?’’

काकांचे ओठ हलले, शब्द फुटेना.

प्रेमलाने वल्हं उचललं. लहानपणी तिने होडी चालवली होती, पण त्याला वर्षं झाली होती. पहिल्या वळणावर ती चुकली. पुढे वाटच नव्हती, नुसती मुळांची जाळी. पाणी डोळ्यांदेखत कमी होत होतं. होडी इथे रुतली तर पुढची भरती येईपर्यंत सुटका नव्हती, आणि काकांकडे तेवढा वेळ नव्हता.

‘‘मला वाट आठवत नाय गं,’’ प्रेमला रडकुंडीला आली.

गीतांजलीने पाण्याकडे पाहिलं. गळलेली पिवळी पानं सगळी एकाच दिशेला सरकत होती. ‘‘पाणी खाडीलाच चाललंय ना? मग पानांच्या मागे जा.’’

त्या माघारी फिरल्या. खाडीचा उजेड दिसला आणि होडीचा तळ चिखलाला घासला. प्रेमला काही म्हणायच्या आत गीतांजली खाली उतरली. मांडीपर्यंत रुतली. साडी चिखलात ओढली जात होती, पायाला काहीतरी कापलं. ती ओरडत, रडत ढकलत राहिली. होडी सुटली तेव्हा प्रेमलाने तिला दंडाला धरून आत खेचलं.

काठावर जाळी शिवणाऱ्यांनी हाका ऐकल्या. टेम्पोतून काकांना वाशीच्या हॉस्पिटलात नेलं.

‘‘वेळेत आणलंत,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पण डावा हात पुन्हा हलेल का, ते आत्ताच सांगता येणार नाही.’’

बाकावर बसून गीतांजली म्हणाली, ‘‘माझ्यासाठी आत शिरले गं ते.’’

‘‘आबा रोज जातो,’’ प्रेमला म्हणाली. ‘‘एकटाच.’’

संध्याकाळी काकांनी डोळे उघडले. ‘‘होडी...’’ शब्द अडखळत आला, ‘‘बां...धली?’’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणालाच आठवेना.

‘‘बांधली, काका,’’ गीतांजली म्हणाली आणि प्रेमला गावात निरोप द्यायला फोन शोधत बाहेर धावली.