अडीच किलोंची मुभा

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर इतकं सामान होतं: पाठीवर टाकायच्या पिशव्या दोन, टॉवेल दोन, लॉकरसाठी कुलूप एक, झोपताना कानात घालायच्या बोळ्यांच्या जोड्या दोन, जेवणासोबत घ्यायच्या गोळ्या अठरा, बिनमिठाचं श्निट्झेल, म्हणजे मांसाचे तळलेले काप, घातलेले पाव सहा, आणि लीदाने प्रयोगशाळेतून आणलेला, शंभर मिलीलिटरपर्यंत रेघा असलेला प्लास्टिकचा पेला एक. पाण्याची बाटली मात्र दोघांत मिळून एकच होती, आणि तीही अर्ध्या लिटरची.

"सहलीला निघालात की दवाखान्याची बदली झालीय?" पाव कागदात गुंडाळता गुंडाळता यर्मिला म्हणाली.

"आई, तू नुसती गुंडाळ."

"गुंडाळतेच आहे. बिनमिठाचं श्निट्झेल खाऊन तुझे बाबा व्हिएन्नात रडले तर मला फोन करू नका. माझी पोस्टात दोन्ही दिवस ड्यूटी आहे."

लीदाचे बाबा आलोइस खिडकीपाशी बसून गाड्यांचं वेळापत्रक वाचत होते. चाळीस वर्षं त्यांनी इथे, चेकियातल्या ब्रनोत ट्राम चालवली होती. तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडांनी काम थांबवलं, तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेसहाला डायलिसिस. शुक्रवारी पावणेअकराला सुटका झाली की पुढच्या सोमवारी साडेसहापर्यंत पावणेअडुसष्ट तास. आठवड्यातली सगळ्यात मोठी सुट्टी हीच, आणि या तासांत जमेल तेवढंच लांब जायचं.

खरं तर त्यांना जायचं होतं समुद्रावर. या इमारतीतली बहुतेक माणसं उन्हाळ्यात क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जातात. आलोइसही जायचे, डायलिसिस सुरू होईपर्यंत. तिथल्या झादार गावच्या दवाखान्यात पाहुण्या रुग्णाला जागा मिळते, हे लीदाने शोधून काढलं होतं. सात दिवस, तीन डायलिसिस. फक्त इथल्या डॉक्टरांची सही हवी होती, आणि सहीचा कागद होता डायलिसिसच्या सिस्टर हेद्विकाच्या खणात.

हेद्विका स्पष्ट बोलणारी बाई. "घराबाहेर तुमचे बाबा पाण्यावर ताबा ठेवतात की नाही, ते मला आधी बघू दे. ख्रिसमसला बहिणीकडे गेले होते, चार किलो पाणी घेऊन आले. चार! फुफ्फुसात जायचं तेवढं राहिलं होतं. शुक्रवारी इथून चौऱ्याहत्तर किलोवर सोडते. दोन रात्री बाहेर राहा, फिरा, आणि सोमवारी साडेशहात्तरच्या आत परत आणा. अडीच किलोंची मुभा. एक ग्रॅम जास्त दिसला तर तो कागद मी डॉक्टरांपुढे ठेवणार नाही."

म्हणून ही सहल. लीदाने पंधरा दिवस खपून आखली होती. व्हिएन्नात हॉस्टेलचा पलंग एकतीस युरो, स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात एकोणीस. मधलं अंतर गाडीने एक तास. तेव्हा दोन्ही रात्री झोपायचं ब्रातिस्लाव्हात, शनिवारचा दिवस काढायचा व्हिएन्नात, आणि रविवारी संध्याकाळी घरी. हॉस्टेलमध्ये दुपारी तीनच्या आधी खोली देत नाहीत, पण शुक्रवारी पोचायचंच सहाला. टॉवेलचं भाडं लावतात, म्हणून टॉवेल घरचे.

"म्हणजे झोपायला एक देश आणि चालायला दुसरा," आलोइस म्हणाले. "आणि पाणी?"

"दिवसाला सातशे मिली. सूपसुद्धा त्यातच. मी मोजणार."

"दिवसभर अख्ख्या गावाचं नळाचं पाणी तपासतेस, आणि घरी येऊन बापाचं!" त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तुझ्या पेल्याची गरज नाही, लीदुश्का. हे बघ."

त्यावर त्यांनी घोटांचं वेळापत्रक केलं होतं. सहा चाळीस, गोळ्यांसोबत साठ मिली. नऊ दहा, तीस. अकरा पंचावन्न, तीस. प्रत्येक घोटाला वेळ, आणि समोर 'उशीर चालेल' किंवा 'उशीर चालणार नाही' असा शेरा.

"हे कुठून शिकलास?"

"ट्रामवर. शेवटच्या थांब्यावर संडास बंद असायचा, मग माणूस आठ तास पाणी पीत नाही. ख्रिसमसला कागद केला नव्हता म्हणून घोटाळा झाला."

शुक्रवारी डायलिसिसनंतर ते दोनपर्यंत झोपले आणि चारच्या गाडीने निघाले. हॉस्टेलची खोली सहा पलंगांची. चौघे पोलिश विद्यार्थी आधीच पसरले होते, आणि वरचे दोनच पलंग रिकामे होते. त्यांच्यातला बार्तेक नावाचा उंच मुलगा आलोइसना बघून आपणहून वरच्या पलंगावर चढला.

"आजोबा, तुम्ही खाली या. मी वर घोरतो, तुम्ही खाली घोरा."

चेक आणि पोलिश माणसांना एकमेकांचं अर्धं बोलणं कळतं, उरलेलं हातवाऱ्यांनी भागतं. पहिल्या अर्ध्या तासात आलोइसनी त्यांना ट्रामचा ब्रेक कसा लावतात ते पलंगाचा दांडा धरून दाखवलं. रात्री लीदाने कानांत बोळे घातलेच नाहीत. तिला बाबांच्या श्वासाचा आवाज ऐकायचा होता, आणि चौघांच्या घोरण्यातून तो वेगळा काढायला तिला बराच वेळ लागला.

शनिवारी व्हिएन्नात तिने एक संग्रहालय आणि दोन बागा ठरवल्या होत्या. संग्रहालयाच्या दाराशी आलोइस थांबले. "तू जा. मी ट्राम बघतो." शेवटी दोघेही ट्राममध्ये बसले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दुसऱ्या नंबरची, मग तिसऱ्या. ते चालकाच्या अगदी मागच्या बाकावर बसायचे.

"बघ, दार लावण्याआधी आरशात बघितलं नाही."

"बाबा, त्याला ऐकू येईल."

"येऊ दे. माझ्या हाताखाली असता तर एक आठवडा डेपोत झाडू मारला असता." दोन थांबे गेल्यावर त्यांनी मान डोलावली. "वळण मात्र छान घेतलं हं. पेला भरून ठेवला असता तरी सांडला नसता."

दोन ट्रामच्या मधलं अंतर ते पायी कापत. मे महिन्याचा दिवस, तीस अंश. आलोइसचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाल्याशिवाय त्यांनी पेल्याला हात लावला नाही. लीदा बाटलीतलं पाणी त्यांच्याकडे पाठ करून प्यायची.

"अगं, समोर पी की," ते म्हणाले. "मला वाईट वाटत नाही. तुझा घसा गटगट वाजतो तेवढंच."

संध्याकाळी ब्रातिस्लाव्हात परतल्यावर हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पोलिश मुलांनी बिअर काढली. आलोइस नको म्हणाले.

"चेक माणूस बिअरला नाही म्हणतो?" बार्तेक ओरडला. "आजोबा, पासपोर्ट दाखवा बघू!"

सगळे हसले, आलोइसही हसले आणि म्हणाले, "सकाळी ट्राम चालवायची आहे." पण त्यांची नजर ग्लासावरच्या फेसावरून हलत नव्हती. लीदाने वही उघडली. दिवसभरात तीनशे ऐंशी. वेळापत्रकाप्रमाणे रात्रीच्या गोळ्यांचे साठ जाऊन दोनशे साठ शिल्लक. तिने आपला पेला बार्तेकपुढे ठेवला आणि दोन वेळा शंभराच्या रेघेपर्यंत भरून मागितला.

"एवढीशी?" बार्तेक म्हणाला. "मांजराला पाजतेस का?"

आलोइसनी ते दोन पेले पाऊण तास पुरवले.

रविवारची सगळी गणितं बिनचूक होती. दुपारच्या जेवणात सूप घेतलं, ते धरून साडेतीनपर्यंत साडेपाचशे. चारच्या गाडीत बसले. सीमा ओलांडल्यावर वीस मिनिटांनी गाडी शेतांमध्ये उभी राहिली, पंखे बंद पडले, आणि खिडक्या न उघडणाऱ्या. तासाभराने सांगण्यात आलं की पुढे रुळांचं काम लांबलंय, पुढच्या स्टेशनापासून बस मिळेल. गाडी सरपटत त्या स्टेशनात पोचली. तिथे दीडशे माणसं उन्हात उभी होती. बस मात्र दिसत नव्हती. शेवटचे दीडशे मिली गाडीतच संपले होते.

आलोइस कुंपणाच्या कठड्यावर बसले. त्यांच्या ओठांचा रंग लीदाला आवडला नाही. कपाळ ओलं आणि गार.

"बाबा, गरगरतंय?"

"थोडं. बस आली की ठीक होईल."

तिने समोरच्या टपरीतून पाण्याची बाटली आणली. "पी."

"आजचं संपलं."

"मला माहितीय. पी."

"लीदुश्का, हेद्विका ऐकणार नाही. साडेशहात्तर म्हणजे साडेशहात्तर. तीन वर्षं वाट बघितली, आता या टपरीवर समुद्र घालवू? तुझी आई पोहायचे कपडे धुऊन बसलीय."

"समुद्र गेला खड्ड्यात!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रांगेतल्या दोन बायकांनी वळून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू इथे पडलास तर मी आईला काय सांगू? की वही बरोबर होती?"

आलोइसनी बाटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आईवर गेलीस अगदी," ते म्हणाले आणि प्यायले. हळूहळू, थांबून थांबून, तीनशे मिली. लीदाने वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली: सातशेच्या जागी हजार. बस आली तोवर त्यांच्या ओठांना रंग आला होता. बसमध्ये ते तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, आणि खांदा अवघडला तरी तिने तो ब्रनोपर्यंत हलवला नाही.

सोमवारी सकाळी सहा वीसला ती त्यांच्यासोबत दवाखान्यात गेली. एरवी ते एकटेच जात.

"सिस्टर, आधीच सांगते," तिने वही पुढे केली. "काल तीनशे जास्त झालं. मी पाजलं. बाबा नको म्हणत होते. त्यांच्या नावावर लावू नका."

"ही वकील कधीपासून ठेवलीत, आलोइस?" हेद्विकाने वही घेतली आणि न वाचताच टेबलावर ठेवली. त्याच टेबलाच्या खणात झादारचा कागद होता. "बूट काढा. खिशातल्या किल्ल्या पण. आणि श्वास रोखून काही होत नाही, मागच्या वेळीही सांगितलं होतं."

आलोइसनी बूट काढले, किल्ल्या लीदाच्या हातात दिल्या आणि काट्यावर चढले. आकडा दोनदा मागेपुढे झाला आणि थांबला.

पंच्याहत्तर किलो नऊशे ग्रॅम.