जांभळा पाव

डेल्फिनाला वाटलं होतं, आज तरी सासूबाई दोन शब्द चांगले बोलतील. लग्न होऊन ती मे महिन्यात लिव्होर्नोहून, समुद्रकाठ सोडून ह्या शिएनाकडच्या टेकड्यांत आली होती. सहा महिन्यांत आर्जियाबाई तिला एकदाही रागावल्या नव्हत्या, पण कौतुकाचंही नाव नव्हतं. नुसतं 'असू दे' म्हणायच्या. त्या 'असू दे'नं माणूस कसा पोखरून निघतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

म्हणून नोव्हेंबरच्या एक तारखेला, सर्वसंतांच्या सणाला, तिनं सगळ्यांच्या आधी उठून पाव केला. नवऱ्यानं, नेल्लोनं, लग्नाआधी ह्या सणाच्या पावाचं इतकं वर्णन केलं होतं की तिला तो तोंडपाठ होता. अक्रोड, मिरी, चरबी आणि मनुका. मनुका तेवढ्या घरात नव्हत्या. आता सणाच्या दिवशी मनुका आणायला कुणाच्या दारात जायचं? तेवढ्यात तिला माळा आठवला. माळ्यावर बोरूच्या चटया अंथरून त्यावर काळी द्राक्षं सुकत घातलेली तिनं पाहिली होती. चांगली सुरकुतली होती. द्राक्षं सुकली की मनुकाच ना? डोकं लढवल्याचा तिला भारी आनंद झाला. परातभर कणीक मळायची, तर हात आखडता कशाला घ्यायचा? पाच मोठे पाव झाले, दोन घरचे, तीन शेजाऱ्यांना वाटायला. माळ्यावर जेमतेम एक वाडगाभर द्राक्षं उरली.

पाव कापला तर आतून जांभळा! नुसता जांभळा नव्हे, शाईची दौत सांडल्यासारखा. सासरे सेत्तीमियो कानानं कमी ऐकायचे, पण डोळे शाबूत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली. नेल्लोचा चेहरा उतरला. आर्जियाबाईंनी शांतपणे विचारलं, "कुठली द्राक्षं घातलीस गं?"

"माळ्यावरची, आई."

त्या दिवशी त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. टेबलावर कुणीच पावाला हात लावला नाही.

नेल्लोनं मग तिला तळघरात नेऊन सगळं सांगितलं. ती द्राक्षं कोलोरीनोची होती. घरात त्या जातीची एकच रांग, बांधाच्या कडेला. दाणा बारका, साल चामड्यासारखी, घड हातभर सोडा, वीतभरही नाही. त्या एकट्या द्राक्षाची वाईन कुणी करत नाही आणि पाहुण्यापुढे कुणी त्याचं नावही काढत नाही. वाईन ओळखली जाते ती सांजोवेझे ह्या मुख्य द्राक्षाची. पण सांजोवेझेचा रस पिंपात एकदा आंबून, फसफसून गप्प झाला, की सुकवलेलं कोलोरीनो चुरडून त्यात ओतायचं. मग पिंपातली वाईन पुन्हा उठते, पुन्हा फसफसते, तिला रंग चढतो, तिचा कडवटपणा मोडतो. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलं होतं. आणि यंदा तर पावसानं असा घात केला होता की वाईन अर्ध्या वाटेतच झोपली होती. फिकट, किंचित गोड, निपचित. ती उठवली नाही तर ईस्टरपर्यंत तिचा शिरका होणार. वर्षभराची सगळी मेहनत त्या एका पिंपात होती.

डेल्फिनानं पिंपाला कान लावला. आत कसलाच आवाज नव्हता.

नेल्लो शेजारीपाजारी फिरून आला. ज्यांच्याकडे कोलोरीनो होतं, त्यांनी आपापल्या पिंपात आधीच ओतलं होतं. बरं, ज्यांना जांभळा पाव वाटला होता, त्यांच्याकडे गोष्ट बोंबलत गेली होतीच. एका काकूंनी तर नेल्लोला विचारलं म्हणे, सूनबाई पुढच्या वर्षी वाईनमध्ये मासे घालणार का? घरी येऊन हे सांगायची गरज नव्हती, पण नेल्लोला कुठे काय सांगावं हे कधी कळलंय? डेल्फिना माळ्यावर जाऊन रडली.

माळ्याच्या खिडकीतून ओढ्याकाठचं जुनं मॅपल दिसायचं. इकडे पूर्वी वेली खांबावर चढवत नसत, झाडाशी त्यांचं लग्न लावून देत. ह्या मॅपलशीही एक वेल लावलेली होती, ती नवऱ्याला खाली सोडून पार शेंड्याला पोचली होती. झाडाची पानं गळून गेली होती. शेंड्यावर मात्र वेलीची काही लालभडक पानं अजून लटकत होती आणि त्यांच्यात काळे ठिपके दिसत होते. कस्तूर पक्षी येऊन त्या ठिपक्यांना टोचत होते. डेल्फिनानं डोळे पुसले आणि खाली धावली.

"बाबा, ओढ्यावरच्या झाडाला कुठलं द्राक्ष आहे?" तिनं सासऱ्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"कोलोरीनोच. माझ्या आजोबांनी लग्न लावलंय तिचं. अजून सासरी रुळली नाही, बघ ना, आभाळाकडे पळते." म्हातारा हसला. मग गंभीर झाला. "वरचं पाखरांचं आहे, पोरी. तिथं शिडी पोचत नाही. मी चाळिशीत पडलो तिथून, तेव्हापासून कुणी चढलेलं नाही."

डेल्फिनाचे वडील लिव्होर्नोच्या गोदीत जहाजांच्या डोलकाठ्या रंगवायचे. त्यांचा डबा ती लहानपणी वर नेऊन द्यायची. आई खालून शिव्या घालायची आणि बाप वरून हात द्यायचा. तिनं कमरेला दोर बांधला, दोराला टोपली बांधली आणि नेल्लोची विजार चढवली. नेल्लो नको नको म्हणत झाडापर्यंत मागे आला. आर्जियाबाई दारात उभ्या राहिल्या.

झाड ओलं होतं. शिडी संपली तिथून पुढे तिनं वेलीचाच आधार घेतला. तिच्या मांडीएवढं खोड झालं होतं त्या वेलीचं. ह्या कपाळकरंट्या द्राक्षानं इतकी वर्षं कुणी न विचारता, कुणी न छाटता एवढा पसारा मांडला होता! शेंड्याशी पोचल्यावर ती क्षणभर सगळं विसरली. पाखरांनी निम्मे घड खाल्ले होते, पण उरलेले थंडीनं सुकून, वाऱ्यानं वाळून, चटईवरच्यापेक्षाही सरस झाले होते. तिनं एक दाणा बोटांत दाबला. एवढासा दाणा, पण तिचं बोट, तळवा, मनगट, सगळं रंगलं. तिनं विजारीला पुसलं तरी जाईना. एका दाण्यात इतकं? तिला एकदम भीतीच वाटली, देवळात बोलताना आवाज आपोआप खाली येतो तशी. पुढचा प्रत्येक घड तिनं हळू तोडला. काही घड मुद्दाम ठेवले, कारण ते पाखरांचे होते.

टोपली खाली आली ती पाऊण भरून. नेल्लोनं ती सोडवून घेतली, पण पाठोपाठ बायको उतरली तेव्हाच त्याचा जीव भांड्यात पडला.

आर्जियाबाईंनी तांब्याचं पातेलं चुलीशेजारी मांडलं. माळ्यावरचं वाडगाभर त्यात ओतलं, वर टोपली उपडी केली आणि बाजूला झाल्या. "तू चुरड," म्हणाल्या. डेल्फिनानं कोपरापर्यंत हात घातले. चुलीच्या उबेला ते पातेलं दोन दिवस जपलं. तिसऱ्या दिवशी त्यावर फेस आला, तेव्हा सगळ्यांनी मिळून ते तळघरात नेलं आणि पिंपात ओतलं.

"पुरेल का, आई?"

"मला काय विचारतेस? तिला विचार, त्या वाईनला," म्हणून सासूबाई वर निघून गेल्या.

मग वाट पाहणं. डेल्फिना भांडी घासता घासता खाली जायची, कान लावायची, वर यायची. लाकूड थंड होतं, आत शांत होतं. संत मार्टिनचा सण आला, त्या दिवशी इथं घरोघर नवी वाईन चाखतात. ह्यांच्या घरी कुणी वाईनचा विषय काढला नाही. दुपारी ती पुन्हा खाली गेली, खरं म्हणजे सवयीनं.

आणि तिला ऐकू आलं. आधी वाटलं, आपल्याच कानात काहीतरी वाजतंय. तिनं श्वास रोखला. आत, खोल कुठंतरी, मंद आचेवर दूध तापायला लागावं तशी बारीक कुजबुज चालली होती. ती वाढली. एवढं मोठं पिंप, माणूस आत उभा राहील एवढं, आणि ते सगळंच्या सगळं झाडाच्या शेंड्यावरच्या टोपलीभर फळानं जागं होत होतं. कुणाला हाक मारायचंही तिला सुचेना.

शेवटी तिनं सासऱ्यांना हात धरून आणलं. सेत्तीमियोंना कान लावून काय उपयोग? त्यांनी दोन्ही तळवे पिंपावर टेकवले, मग कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले. लाकूड त्यांच्या कपाळाखाली थरथरत होतं. थोड्या वेळानं त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"उठली," ते म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

आर्जियाबाई केव्हा खाली आल्या, कळलंच नाही. त्यांनी पिंपाला कान लावला नाही. पिंपाच्या पोटातली लहान तोटी सोडून पेला भरला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कालपर्यंत फिकी असलेली वाईन गडद झाली होती, आत बुडबुडे धावत होते. बाई त्या पेल्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वर्षं दर हिवाळ्याला पाहिलं असेल त्यांनी हे, पण चेहरा असा झाला होता की जणू पहिल्यांदाच पाहतायत.

मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तो त्या जांभळ्या पावाचा काप होता, सणाचा, ज्याला कुणी शिवलं नव्हतं. दगडासारखा झाला होता. त्यांनी एक तुकडा मोडला, पेल्यात बुडवला आणि नीट चावून खाल्ला. दुसरा तुकडा बुडवून डेल्फिनासमोर धरला. तो घ्यायला डेल्फिनानं हात पुढे केला, तर तिचा हात कोपरापर्यंत अजून काळाजांभळा होता. सासूबाईंनी तो हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि सोडला नाही.

"मिरी कमी पडली," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी माळ्यावर एक चटई पावासाठी वेगळी घाल."

डेल्फिनानं मान हलवली. तोंडात पाव होता, म्हणून तिला बोलता आलं नाही.