आरशातला उंट

आत्याला दुकानात गोष्टी वाचायला बसवताना सलूनवाल्याने मनातल्या मनात दोन फायदे मांडले होते. आत्याचं तोंड कामाला लागेल, आणि पोरांची डोकी जागेवर राहतील. तिसरा फायदा त्याच्या ध्यानीमनी नव्हता, त्यामुळे तो जमेला धरायचा राहूनच गेला.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. आयुष्यभर नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसली. नाटक एकही पाहिलं नाही, पण भिंतीआडून सगळी ऐकली, त्यामुळे राजाचा, राक्षसाचा आणि रुसलेल्या सुनेचा आवाज तिच्या गळ्यात कायमचा मुक्कामाला होता. काम सुटल्यावर घरी करमेना, म्हणून दुकानाच्या बाकावर येऊन बसायची आणि गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगायची. "अगंबाई, मागून पार चंद्र उगवलाय की हो तुमच्या डोक्यावर!" एवढं ऐकल्यावर तो माणूस पुन्हा फिरकायचा नाही.

पोरांची तऱ्हा वेगळी. खुर्चीत बसवलं की मान अशी गरगर फिरवायची, जणू घुबडाची सख्खी भाचरंच. कात्री कानाजवळ गेली की गल्लीभर किंकाळी.

सलूनवाल्याने दोन दुखण्यांवर एकच औषध काढलं. मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं आणली आणि आत्याला म्हणाला, "आत्या, मोठ्याने वाच."

औषध लागू पडलं, पण भलत्याच जागी. आत्या बाजूला बसून वाचू लागली की चित्रं बघायला पोरांची मान तिकडे वळायची. मग त्याला एक कल्पना सुचली. मागच्या भिंतीवर टॉवेल वाळवायची फळी होती, तिच्यावर त्याने पुस्तक उघडून टेकवलं. आत्याला शेजारी उभं केलं आणि हातात शेपटीचा, म्हणजे लांब टोकदार दांडीचा कंगवा दिला. ओळ चुकू नये म्हणून आत्या त्या शेपटीने एकेक शब्द दाखवत वाचायची. आता पोरं नाकासमोर आरशात बघायची आणि आरशात अख्खी गोष्ट दिसायची. मान हलेना की पापणी लवेना. "पुढे काय होईल, सांग बघू?" असं आत्याने विचारलं, तरी मान न हलवता तोंडाने उत्तर द्यायचं, असा दुकानाचा कायदा होता. शेवटची पानं केसांच्या चिमट्याने बंद करून ठेवलेली असायची. ती पुढच्या खेपेला. पोरं आईबापांना ओढत आणायची.

आपल्या या अकलेवर सलूनवाला इतका खूश होता, की दाढी करायला आलेल्या प्रत्येकाला ती ऐकवायचा. पण अकलेचं बिल जरा उशिराच येतं.

सगळ्यात जास्त गोष्टी ऐकल्या त्या त्याच्याच लेकीने. खुर्चीत बसून गोल फिरायची म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. या वर्षीच पहिलीत गेलेली. शाळा सुटली की दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीवर आरशाकडे तोंड करून बसायची. आत्याने एखादं वाक्य गाळलं तर लगेच पकडायची. "आत्याआजी, लबाडी नको! अस्वल आधी शिंकतं." तिची जीभही अशी सुटली होती, की परवा भाजीवालीला म्हणाली, "तुमची कोथिंबीर आज फार उदास दिसतेय हो." भाजीवाली हसली आणि तिने ताजी जुडी काढून दिली.

बाप सुखावायचा आणि आतून घाबरायचाही. त्याची स्वतःची शाळा अक्षरांपायीच सुटली होती. अजूनही दुकानाची पाटी सोडून दुसरं काही वाचायचं म्हटलं, की त्याला चष्मा सापडायचा नाही, आणि चष्मा त्याला मुळात नव्हताच. लेकीने माझं नाक घेतलं तरी चालेल, पण माझी अक्षरं नकोत, एवढंच त्याचं मागणं होतं.

आणि एका दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरीच्या पाठोपाठ शाळेच्या बाई दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या.

खुर्चीत घड्याळवाले काका होते. पेठेत सगळ्यांची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः फक्त आपल्या मिशीवर जीव टाकायचा. त्या दिवशी फोटो काढायचा होता, म्हणून मिशीला आकार द्यायला आले होते.

"तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय," बाई म्हणाल्या.

"काय केलं तिने?"

"काहीच करत नाही, हेच तर दुखणं आहे. गोष्ट सांग म्हटलं की अख्खा वर्ग गुंग करते. पुस्तक पुढे ठेवलं की तोंडाला कुलूप. वर मलाच सांगते, बाई, तुमचं पुस्तक उलटं छापलंय."

"असं म्हणाली? धीट आहे हो पोर!" आत्या कौतुकाने म्हणाली.

"आत्या, गप गं!"

"माझी मिशी अर्धी राहिलीय," खुर्चीतून काका म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

सलूनवाल्याने फळीवरचं पुस्तक काढून लेकीच्या हातात दिलं. "वाच बरं, राणी."

भिंगरीने पानाकडे पाहिलं. पुस्तक फिरवलं, तिरकं धरलं, डोळे बारीक केले. "बाबा, असं नाही येत."

"माझ्यावर गेली," तो पुटपुटला आणि पुन्हा काकांच्या मिशीला कात्री लावली.

"असं म्हणजे उलटं!" भिंगरी वैतागली. तिने पुस्तक नेऊन परत फळीवर टेकवलं, पळत येऊन खुर्चीत चढली आणि पायाने खुर्ची आरशाकडे वळवली. "आता विचारा!"

आत्याने कंगवा उचलला. आरशात शेपटी उजवीकडून डावीकडे सरकू लागली आणि तिच्याबरोबर भिंगरीचा आवाज. "उंटाला पोहायचं होतं. सगळे हसले. उंट म्हणाला, हसा, दात ओले होतील तुमचे."

"पाठ असेल," बाई मायेने म्हणाल्या. "ऐकून ऐकून होतं, आणि चांगलंच आहे ते. पण वाचणं वेगळं."

आत्याचा पारा चढला. "पाठ? बाब्या, काढ तो चिमटा! कालच आणलंय पुस्तक. ही पानं मी माझ्या सावलीलासुद्धा वाचून दाखवलेली नाहीत."

सलूनवाल्याच्या एका हातात कात्री आणि दुसऱ्यात काकांची हनुवटी. चिमटा शेवटी बाईंनीच काढला. नवं पान उघडलं. कंगवा पहिल्या शब्दाखाली जाऊन थांबला.

"उं... ट," भिंगरी म्हणाली. "उंट पु... ला... पुलावर! उंट पुलावर गेला!"

आत्याचं तोंड मदतीला उघडलं. बाईंनी चटकन त्यावर हात ठेवला. हे आजवर कुणालाच जमलं नव्हतं, अगदी तिच्या दिवंगत नवऱ्यालाही नाही.

"खाली पाणी ख... ळ... खळ... खळखळत होतं! बाबा, खळखळत!"

बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग पुन्हा पुस्तकाकडे. "आरसा!" त्या ओरडल्या. "अहो, ही पोरगी आरशातून शिकलीय! वाचते आहे ती, खरंखुरं वाचते आहे!"

"बाई, मध्ये बोलू नका हो!" काका खुर्चीतून ओरडले. "पुलावर गेला, मग?"

"त्याने डो... डोळे मि... मिटले," भिंगरी खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली. "आणि त्याने... उ... डी... उडी मारली!"

"मारली!" बाप ओरडला, आणि त्याच्या हातातली कात्रीही कचकन मिटली.

"उंट बु... डा... ला... बुडाला! नाही, थांबा... बुडाला नाही! त्याचं कु... बड... कुबड! कुबड तरंगत होतं!"

मग जो गलका झाला, तो ऐकून समोरचा चांभार हातात बूट घेऊनच आत आला. आत्या कंगवा नाचवत होती. बाई टाळ्या वाजवत होत्या. बापाने लेकीला खुर्चीसकट फिरवलं, आणि डोळ्यांत केस गेल्याचं निमित्त करून कोपऱ्यात तोंड पुसून आला.

"पण शाळेत तर सरळच वाचावं लागणार ना?" त्याने बाईंना हळूच विचारलं.

"गोडी लागलीय, शब्द तोंडात आहेत, पुढे काय होतं याची घाई आहे. अवघड ते सगळं झालंय. अक्षरांना आता फक्त कूस बदलायचीय. खुर्ची वळवा."

"आरशाकडे पाठ? मग केस कापताना दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाहीत, ते मला कळायचं कसं?"

"गोष्ट ऐकणारं पोर काय बाजू मोजत बसणार आहे?"

मुद्दा बिनतोड होता. सलूनवाल्याने खुर्ची फळीकडे वळवली. भिंगरीची नजर सवयीने पानाच्या उजव्या टोकाला गेली, आणि कंगवा तर डावीकडून निघाला. ती गोंधळली. मग मागे वळून आरशात बघितलं, पुढे बघितलं, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. असं बराच वेळ चाललं. कुणी घाई केली नाही, आत्यानेसुद्धा. आणि एकदम तिचे डोळे चमकले.

"अय्या! इथूनपण तोच उंट आहे!"

ती चाचपडत वाचू लागली. आरशातल्यापेक्षा सावकाश, पण सरळ. तिच्या खुर्चीमागे उभ्या बापाचे ओठही शेपटीबरोबर हलत होते. आत्याने ते पाहिलं, आणि ती मुद्दाम कंगवा हळू सरकवू लागली.

आता हिशेब मिटवायचा तर आत्याला दुकानभर श्रोते मिळाले, बाईंना वाचणारी पोर मिळाली, आणि बापाला चष्म्याचा बहाणा लागेनासा झाला. तेव्हापासून त्या दुकानातून निघणाऱ्या पोरांची झुलपं जराशी तिरकी असतात, पण तो खर्च पोरांना जाणवत नाही. खरी किंमत मोजली ती घड्याळवाल्या काकांनी. त्या गलक्यानंतर त्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, तर ओठाच्या एका बाजूला मिशी होती आणि दुसऱ्या बाजूला नुसता ओठ.

सलूनवाल्याने कात्री पाठीमागे लपवली.

"उरलेलीही उतरव आता," काका म्हणाले आणि त्यांनी मान मागे टेकवली. "पण आधी तिला ते उडीचं पान पुन्हा वाचायला सांग."