रडणारा ट्रक

ट्रक रडतो म्हणे, ते ऐकायला सकाळी नऊ वाजताच निम्मं गाव खुशालरावांच्या अंगणात लोटलं होतं. संत्र्याच्या तोडीचे दिवस. बागेत मजूर हातावर हात ठेवून बसले होते आणि बागमालक इथे. बायका ओट्यावर, म्हातारे बाजेवर, तरणी पोरं मोबाइल उंच धरून कंपाउंडच्या भिंतीवर. मधोमध तो सहाचाकी छोटा ट्रक उभा होता. बोनेटवर हळदीकुंकवाचा सडा, चाकांभोवती कापलेल्या लिंबांच्या फोडी, आणि केबिनच्या उघड्या दाराशी हातभर लांबीचा लोखंडी चिमटा घेतलेले महाराज.

"फिरव किल्ली!" महाराज गरजले.

चालकाच्या जागेवर त्यांचा चेला बसला होता. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, आणि त्याच्या पाठोपाठ केबिनमधून एक बारीक, लांबलचक, नाकातून काढल्यासारखा सूर निघाला. ऊंऽऽऽ. ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"पाहा! टेप बंद आहे. बत्ती नाई, गानं नाई. मंग हा कोन रडून राहिला?"

"श्याम!" गर्दीतून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं.

"श्यामच!" महाराजांनी चिमटा खणखणवला. "आत्म्याले टॉवर लागत नाई, सिमकार्ड लागत नाई. त्याची थेट लाइन असते, बापा. फक्त उचलनारा पायजे!"

फाटकापाशी हत्यारांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या देवमनला भीती वाटली नाही. कंटाळा आला. वरूडला बाजार समितीच्या रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तीस वर्षांत त्यानं असले सूर शेकड्यांनी ऐकले होते. हा सूर कशाचा, हे त्याला किल्ली फिरल्यावर अर्ध्या मिनिटात कळलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, तो कोणाच्या हातचा आहे हेही कळलं होतं.

श्याम हा खुशालरावांचा थोरला मुलगा. अडीच वर्षांपूर्वी हा कोरा ट्रक घेऊन तो थेट देवमनच्या दुकानात आला होता. कंपनीनं बसवून दिलेला टेप त्याला काढायचा नव्हता, पण आवाज मात्र दणदणीत पाहिजे होता. "देवमनकाका, टेप तोच ठेवा. त्याच्या मांगं मोठं मशीन लावा. अकोल्याच्या घाटात माहं गानं दुसऱ्या ट्रकवाल्याले आयकू गेलं पायजे!" देवमननं टेपच्या स्पीकरच्या तारा एका डबीतून सीटखालच्या अँप्लिफायरमध्ये नेल्या. कंपनीच्या टेपला अँप चालू-बंद करायची वेगळी तार नव्हती, म्हणून अँप सरळ किल्लीवर जोडला. उरली अर्थिंगची तार. तिच्यासाठी केबिनच्या तळाचा रंग चांगला खरडून, कोऱ्या पत्र्यावर ती कसायची असते. देवमननं पॉलिशपेपर काढला तसा श्याम ओरडला, "काका, ओरखडा नका पाडू! अजून नारळ नाई फुटला गाडीपुढे! नव्या गाडीले पूजेच्या आंधी जखम करत असतात काय?"

सीटशेजारी मारुतीची छोटी मूर्ती बसवायला केबिनवाल्यानं एक बोल्ट ठोकून दिला होता. देवमननं त्याच बोल्टखाली तार अडकवली. रंगावरच. चुकीचं आहे हे ठाऊक असून अडकवली, कारण पोरगा हसत होता आणि दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. पूजा झाल्यावर ये, नीट करून देतो, असं तो म्हणाला होता. श्याम आला नाही, आणि देवमननंही पुन्हा विचारलं नाही.

चार महिन्यांपूर्वी अकोल्याला माल उतरवताना याच केबिनमध्ये श्यामचं हृदय बंद पडलं. ट्रक घरी आला, पावसाळाभर अंगणात उभा राहिला. मग एके दिवशी किल्ली फिरवली तर तो रडू लागला.

महाराज परतवाड्याकडून आले होते. कोणी म्हणे हिमालयातून. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं, ट्रक मठाला अर्पण करा. तेव्हा श्यामची बायको मैना म्हणाली, ट्रक द्यायचा नाही, चालक ठेवून चालवायचा, आकांक्षाची शाळा त्याच्यावर होईल. आकांक्षा तिची नऊ वर्षांची मुलगी. त्याच आठवड्यात आत्म्याचं मत बदललं आणि तो बायकोवरच नाराज असल्याचं महाराजांना समजलं.

"सूनबाईले पुढे आना," महाराज म्हणाले.

मैनाला दोन बायकांनी दंडाला धरून आणलं. महाराजांनी चिमटा जोरजोरात खणखणवला, आणि ती ट्रकपासून चार पावलांवर आली तसा त्या खणखणाटातही तो सूर चढू लागला. ऊंऽऽऽ चा ईंऽऽऽ झाला. एक म्हातारी मटकन खाली बसली.

"न्या मांगं!"

मैनाला मागे नेलं. सूर उतरला.

"पाह्यलं? लेकराची सावली घरात राहू द्या, पन हिची नको. आज दिवस मावळाच्या आंधी ही माहेरी गेली पायजे. पोरगी इथंच राहीन. नाई तं घरातलं दुसरं मानूस जाईन, मंग मले नका म्हनू!"

ओट्यावर बसलेल्या पार्वताबाईंनी, श्यामच्या आईनं, नातीला घट्ट जवळ ओढलं. मैना रडत नव्हती. तिची नजर फक्त आकांक्षावर होती.

महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, आणि वाकून चिमटा केबिनमध्ये रोवला. सूर तुटला. इंजिन चालूच होतं, पण रडणं गप्प. अंगणात जयजयकार झाला. चिमटा उचलला, रडणं पुन्हा सुरू.

देवमननं गर्दीतून ट्रकजवळ येऊन मान वाकडी करून पाहिलं. चिमट्याचं एक टोक बरोबर मारुतीच्या बोल्टखालच्या तारेच्या कडीवर, दुसरं सीटच्या उघड्या लोखंडी पट्टीवर. हिमालयात बसून एवढं अचूक सापडत नाही. हा माणूस कधीतरी टेप बसवायच्या दुकानात राबलेला होता.

आदल्या दिवशी मैनाचा फोन आला होता. "काका, ते मशीन तुमीच लावलं होतं ना? एकडाव पाहून द्या. मंग मी जाईन." देवमन रात्री बायकोला म्हणाला होता, आपल्याला काय करायचं आहे. मागच्या साली करणी काढणाऱ्याबद्दल बोललो, लोकांनी मान हलवली आणि आठ दिवसांत दुसऱ्याकडे गेले. केशरबाईनं भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, "लेकरू मायपासून तुटून राहिलं, अन् तुमी लोकायचं काय सांगता?"

देवमन पुढे सरकला. गुडघे कुरकुरले.

"महाराज, एक मिनिट. मी गाडीचा वायरमन हावो."

"इथं वायरीचं काम नाई!"

"असू द्या जी. खुशालराव, तुमी या चालकाच्या जागेवर बसता काय? त्या भाऊले उतरू द्या."

"देवमनभाऊ, तुमी कायले याच्यात पडता?" खुशालराव कष्टानं म्हणाले. गर्दीतून कोणी टोमणा मारला, "तुमच्या लोकायत मानत नाईत हे, आमच्यात मानतात!"

"मी मानाले नाई सांगून राहिलो, बापा," देवमन थकलेल्या आवाजात म्हणाला. "फक्त बसाले सांगून राहिलो. त्यायच्याच लेकाची गाडी आहे."

याला नाही कसं म्हणणार? चेल्यानं महाराजांकडे पाहिलं, महाराजांनी आभाळाकडे. खुशालराव चढून बसले.

"पाय खाली ठेवा. एक्सलेटरले हात नाई, पाय नाई. मैनाबाई, या तुमी."

मैना आली. चार पावलं, दोन पावलं, मग तिनं ट्रकच्या दारालाच हात टेकला. सूर होता तसाच राहिला. ना चढला, ना उतरला.

"आता जा, पार विहिरीजवळ जाऊन उभ्या राहा." ती गेली. "खुशालराव, आता दाबा पाय."

इंजिन जोरात फिरलं आणि ट्रक किंचाळला. पाय सोडला, ट्रक पुन्हा कण्हू लागला. भिंतीवरचं एक पोरगं हसलं.

"इंजिन जितकं जोरात फिरन तितकं हे रडते. मैनाबाईले आनलं का ते भाऊ पाय दाबत होते," देवमन म्हणाला. चेला तोवर फाटकाच्या दिशेनं चार पावलं सरकला होता.

"पन माह्या चिमट्यानं थांबते ते?" महाराज उसळले. "ते कोनी थांबवलं? तुह्या बापानं?"

"थांबते ना. थांबवा पुन्हा. तेच मंत्र, तोच चिमटा." देवमननं पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद काढला आणि सीटच्या पट्टीवर पसरला. "फक्त ह्या कागदावर ठेवा."

महाराजांनी चिमटा ठेवला. मंत्र म्हटला. मोठ्यानं म्हटला. ट्रक रडतच राहिला.

"कागदावर खुनाच्या बातम्या आहेत! अपवित्र!"

"कोरा कागद आना रे!" हे देवमन नाही, बाजेवरचे नत्थुजी म्हणाले, आणि ते तर सकाळपासून महाराजांच्या नावाचा जयजयकार करत होते. आकांक्षा घरात पळाली, वहीचं पान फाडून घेऊन आली. कोऱ्या पानावरही आत्मा गप्प बसेना. पान काढलं, लोखंडाला लोखंड भिडलं, आणि झटक्यात शांतता झाली.

आता खरं अवघड होतं ते पुढे होतं. वरूडपासून परतवाड्यापर्यंतचे ट्रकवाले देवमनकडे डोळे झाकून गाडी सोडून जात. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या मोबाइलांसमोर बोलल्यावर ते राहणार नव्हतं. त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि घसा खाकरला.

"हे भूत माह्या हातचं आहे. गाडीत अल्टरनेटर असते, बॅटरी चार्ज करनारं. त्याचा सूर तारेत असतेच. अर्थिंग चांगली असली का तो चुपचाप निंघून जाते. अर्थिंग खराब झाली का तो मशीनमधून स्पीकरात येते. टेप बंद असला तरी येते, कारन मशीन मी किल्लीवर जोडलं होतं. चिमटा ठेवला का तार उघड्या लोखंडाले भिडते, म्हून तेवढ्यापुरतं थांबते. रंग खरडून तार कसाची होती. मी नाई खरडला. श्याम नाई म्हने, अन् मी आयकलं. शिकल्यासवरल्यासारखं काम नाई केलं."

"पन श्याम होता तवा तं नवतं रडत," खुशालराव म्हणाले.

देवमननं बोल्टवर बोट फिरवून दाखवलं. बोट लालभडक झालं. तेलातला शेंदूर, थरावर थर, तारेच्या कडीखाली पार शिरलेला, आणि त्याखाली पावसाळ्याचा गंज.

पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या. "दर शनवारी मीच लावत होती. पोराची गाडी सुखरूप राहो म्हून. माह्या हातानं झालं हे?"

"नाई मावशी. तुमी देवाले शेंदूर लावला. देवाच्या बोल्टले तार मी लावली. चूक माही आहे." मग तो वळला. "मैनाबाई, हा पाना घ्या."

"तिचा हात नको!" महाराज ओरडले, पण आता कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मैनानं बोल्ट ढिला केला. देवमन सांगेल तसा पत्रा घासला. आधी शेंदूर निघाला, मग गंज, मग रंग, मग खाली चकचकीत लोखंड दिसलं. तिनं तार नीट बसवली आणि दोन्ही हातांनी पाना आवळला. खुशालरावांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. सगळं गाव कान देऊन उभं होतं. इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. त्यांनी पाय दाबला, पुन्हा दाबला, मैना केबिनमध्ये बसलेली असताना दाबला. काही नाही.

महाराज कधी निघाले ते नीट कोणी पाहिलं नाही. देवमननं पाहिलं. फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसताना त्यांच्या पाया दोन माणसं पडत होती, आणि त्यातल्या एकानं नुकतंच सगळं डोळ्यांनी बघितलेलं होतं. देवमनला राग यायला हवा होता. नुसताच थकवा आला.

तरी तो बोलला. कितव्यांदा, ते त्यानं मोजणं सोडलं होतं.

"एक आयका. गाडी रडली, तुमाले नाई समजलं, त्याच्यात लाज नाई. मलेही लय गोष्टी नाई समजत. पन नाई समजलं तं नाई समजलं म्हना. दोन जागी इचारा. कोनी चमत्कार दाखवला तं त्याले म्हना, माह्या मानसाले बसू दे तिथं, माह्या कागदावर कर. खरं असन तं तसंही होईन. अन् एवढं करूनही नाई उमगलं, तरी त्याच्यापायी घरच्या बाईले घराबाहेर काढू नका. आवाजाचं कारन आज नाई तं उद्या सापडन. तिले अन् तिच्या लेकराले तुमी आज तोडून राहिले होते."

मजूर खोळंबल्याची कोणालातरी आठवण झाली, आणि माणसं एकेक करून पांगू लागली. देवमन पाने पिशवीत भरत होता, तेव्हा मैना केबिनच्या पायरीवर बसली होती, हात शेंदरानं आणि गंजानं माखलेले.

"काका, मंग तो रडत नवता ना? खरंच सांगा."

"नाई बाई. श्याम नवता तो. तार होती."

"मी रोज सकाळी गाडीपुढे हात जोडून त्याची माफी मांगत होती," ती म्हणाली. "काय चुकलं ते मालूम नाई, तरी मांगत होती." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती मोकळेपणानं रडली. आकांक्षा येऊन तिला बिलगली.

खुशालराव अजून चालकाच्या जागेवरच होते. त्यांनी किल्ली काढली, खाली उतरले, आणि पागोटं काढून हातात घेतलं. फाटकापाशी अजून दहावीस माणसं उभी होती. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "माफी आमी मांगाले पायजे होती, पोरी. तुह्यी."

आणि त्यांनी ट्रकची किल्ली तिच्या माखलेल्या हातात ठेवली.