नमुना जुना

माझ्या नाकावर राग असतो, हे लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अठरा वर्षं खिडकीत बसून लोकांच्या लघवीच्या बाटल्या घेतल्या की कुणाच्याही असेल. कुणी झाकणाशिवाय आणतं, कुणी सकाळची दुपारी आणतं. लघवी तासन्‌तास पडून राहिली की तिचा आम्लपणा जातो आणि तिच्यात बुडवलेली तपासणीची पट्टी निळसर होते. म्हणून पट्टी निळी दिसली की मी कागदावर ‘नमुना जुना’ असा शिक्का मारून मोकळी होते.

त्या दिवशी आलेल्या बाईच्या कागदावर हा शिक्का दोनदा पडला होता. तिच्या कडेवरची मुलगी पाच वर्षांची होती, दिसत होती जेमतेम तीनची.

“बाटली द्या,” मी म्हटलं.

“बाटली नाही आणली. मुलगीच आणलीय.”

बाई शांतपणे बोलत होती, पण पाय रोवून उभी होती. “हिच्या रक्तात आम्ल वाढलंय. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं धड असतील तर ते लघवीतून बाहेर पडायला हवं. पडतंय की नाही ते तुमची पट्टी सांगणार. आणि तुम्ही दोनदा शिक्का मारलात.”

“दोनदा उशिरा आणलीत.”

“पहिल्यांदा उशीर झाला, कबूल. दुसऱ्यांदा वीस मिनिटांत आणली होती. आज तुमच्यासमोर देते.”

मला राग आला. वीस मिनिटं सगळेच सांगतात. तरी मी तिला आतल्या बाकावर बसवलं आणि डबी दिली.

एरवी अर्ध्या अर्ध्या तासाला शू लागणारी ती पोर नेमकी त्या दिवशी हट्टाला पेटली. तांब्याभर पाणी प्यायली, नळ सोडून ठेवला, तरी काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्या मावशी बघतायत.” मी तोंड फिरवलं. तासभर गेला.

“खिडकी बंद व्हायची वेळ झाली. उद्या या,” मी म्हटलं.

“खिडकी बंद करा. आम्ही आतच आहोत.”

“मलाही घर आहे, बाई.”

“मग जा. डबी कुणाच्या हातात द्यायची तेवढं सांगा. सहा महिन्यांत हिचं वजन पाव किलोसुद्धा वाढलेलं नाही. जिना चढताना पाय लटपटतात. मी आज उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही.”

मी पर्स परत खुंटीला अडकवली.

आणखी पाऊण तासाने पोरगी अचानक उठली आणि आईचा हात धरून मोरीकडे पळाली. परत आली तेव्हा डबी कोमट होती. मी तिथल्या तिथे पट्टी बुडवली. ती निळसर झाली. मी दुसरी बुडवली, मग मशीनवर तपासलं. तेच.

म्हणजे रक्तात आम्ल साठतंय आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतच नाहीत. मी मागचा कागद काढला. दुसऱ्या नमुन्याची वेळ तिने स्वच्छ अक्षरात लिहिली होती; ती आणि मी बाटली घेतल्याची वेळ यांत वीस मिनिटांचंच अंतर होतं. मी पट्टी बघितली होती, वेळ बघितली नव्हती. त्याला चार महिने झाले होते.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मला बसवेना. “तो नमुना जुना नव्हता,” मी म्हटलं. “चूक माझी आहे.”

“चार महिने रोज हिला ओकताना बघितलंय मी,” एवढंच बाई म्हणाली.

मी जुना शिक्का खोडला, खाली सही केली आणि दोघींना घेऊन वर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. रक्तातलं आम्ल मारणारं औषध आजपासूनच, म्हणाले. दिवसातून चार वेळा, बहुधा जन्मभर. चव वाईट असते, मुलं थुंकून टाकतात.

“थुंकलं तर परत देईन,” बाई म्हणाली. “उंची वाढेल ना?”

“औषध चुकलं नाही तर वाढायला हवी. दर महिन्याला रक्त, लघवी तपासावी लागेल.”

डॉक्टरांनी दुसऱ्या लॅबचं नाव सुचवलं, घराजवळ पडेल म्हणून. मी खाली बघत राहिले. तिने तिथेच जावं, असंच मला वाटत होतं.

“नको,” बाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “हिचं सगळं तुम्हीच तपासायचं. तुम्ही आता वेळ बघितल्याशिवाय राहणार नाही.”