सहा गुंठ्यांचा चौकोन

कडूबाईंनी नामंजुरीचा कागद टेबलावर आपटला आणि कोणी बसा म्हणायच्या आधीच खुर्ची ओढून त्या बसल्या.

“माझं भाताचं खाचर जंगल हाय असं कुनी लिवलं?”

आरतीने कागद पाहिला. तिनेच लिहिलं होतं. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतले एक्केचाळीस वनहक्क दावे तिने गेल्या महिन्यात संगणकावर तपासले होते. २००५ सालच्या उपग्रह-चित्रात हिरवं दिसलं की ‘जंगल’ असा शेरा मारायचा. नगरच्या या खासगी कार्यालयाकडे तेवढंच काम आलं होतं. जंगल म्हटलं की तिथे तेव्हा शेती नव्हती असं ठरे आणि दावा संपे.

“दाव मला. दोन यष्ट्या बदलून आले. बगितल्याबिगर जायाची न्हाई.”

आरतीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवून चित्र मोठं केलं. वाढता वाढता डोंगर हरवला, नुसते चौकोन उरले.

“आजी, एक चौकोन म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. तुमचं खाचर चार गुंठे. उरलेल्यात झाडं. सगळ्यांचा मिळून एकच रंग येतो.”

“म्हंजी झाडांचं आयकलं, माझं न्हाई.”

आरतीने चित्राची तारीख पाहिली, सप्टेंबरअखेरची. मग तिने विचारलं, “भात कधी कापता?”

“हळवं हाय. दिवाळीच्या आदीच खळ्यावर येतं. मंग नुसती उघडी माती.”

“आणि भोवतालची झाडं?”

“ती होळीपातूर हिरवीगार.”

२००५ पर्यंतची, सप्टेंबरअखेरची, ढग नसलेली चित्रं तीनच वर्षांची सापडली. आरतीने त्याच वर्षांची डिसेंबरची चित्रं काढली आणि एकातून दुसरं वजा करत गेली. कडूबाईंनी तिथेच फडक्यात बांधून आणलेली भाकरी खाल्ली. तीन वाजता उत्तर स्क्रीनवर होतं: आजूबाजूचे चौकोन जसेच्या तसे होते, कडूबाईंचा मात्र तिन्ही वर्षं कापणीनंतर फिका पडला होता.

कार्यालयाचे प्रमुख वैजनाथ सर केबिनमधून आले. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं.

“बरोबर आहे. यांचा शेरा बदल. बाकीचे चाळीस राहू दे. अहवाल गेलाय, आणि कोणी विचारायलाही आलेलं नाही.”

नवा कागद छापून आला. आरतीने तो वाचून दाखवला. कडूबाईंनी नीट ऐकला आणि बोटाने परत सरकवला.

“चाळीस जनांचं जंगल आन मदी माझं एकटीचं शेत? न्हाई घेत म्या.”

“आजी, मिळतंय ते तरी घ्या,” सर म्हणाले.

“मिळतंय कशाचं? माझंच हाय ते. त्यांचंबी त्यांचं हाय.”

सर आरतीकडे वळले. “यांना एसटी स्टँडवर सोडून ये. माझ्या सहीने दुसरा अहवाल जाणार नाही.”

“माझ्या सहीने जाईल.”

आरतीचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या टेबलावरची रेश्मा टाइप करायची थांबली. सर केबिनमध्ये गेले. दार मात्र त्यांनी लावलं नाही.

आरतीने दाव्यांची यादी उघडली आणि आपली खुर्ची कडूबाईंच्या शेजारी नेली.

“वरच्या बांधापासून सांगा, आजी. कोणाचं भात आधी पिकतं, कोणाचं उशिरा?”

कडूबाईंनी पदर सारखा केला.

“लिव. पयलं साळूबाईचं.”